आल्गोतने जुळवलेली करवत

नोव्हेंबरातल्या वादळाने आमच्या हुल्टा गावाच्या पश्चिमेचं जंगल एका दुपारात आडवं केलं. सिग्नेच्या मालकीची बावीस हेक्टर सूचिपर्णी स्प्रूसची झाडी होती. तिच्यातली निम्मी पडली. मामाने मरताना ती तिच्या नावावर केली होती. सिग्ने आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. एकतीस वर्षांत गावातलं एकही लग्न आणि एकही मर्तिक तिच्याशिवाय झालेलं नाही. जंगलाशी तिचा संबंध एवढाच, की ऑगस्टात ब्लूबेरी आणि सप्टेंबरात आळंबी.

पडलेला स्प्रूस मे महिन्यापर्यंत बाहेर काढला नाही तर सालीखाली भुंगेरे शिरतात आणि मग उभी झाडंही जातात. तोडणीची मोठी यंत्रं तर जूनपर्यंत दुसरीकडे लागलेली होती. मी सिग्नेच्या समोरच राहतो. माझ्याकडे ट्रॅक्टर आहे आणि ओंडके ओढायचा विंच आहे. मी तिला म्हटलं, "ओढायचं काम मी करतो. कापायला तेवढा माणूस शोध."

"शोधलाय," ती म्हणाली. "मीच."

"तू?"

"एकोणसाठची आहे, इवार. नव्वदची नाही."

डिसेंबरात तिने दोन शनिवार-रविवार चेनसॉच्या शिकवणीला घालवले आणि परवाना घेऊन आली. मग शहरात जाऊन नवी कोरी करवत, शिरस्त्राण आणि जाड विजार घेतली. हल्ली इंजिनातलं पेट्रोल-हवेचं प्रमाण स्वतःचं स्वतः जुळवून घेणाऱ्या करवती मिळतात. तसली तिने घेतली नाही. दुकानदाराने तिला बजावलं होतं, "पेट्रोलच्या पहिल्या पाच टाक्या हिला पळवायची नाही. लाकडाबाहेर रिकामी तर किंचाळू द्यायचीच नाही. मग कुणाकडून तरी जुळवून घे." आमच्या गावात 'कुणाकडून तरी' म्हणजे आल्गोत. दुसरं नाव कुणाच्या डोक्यातही येत नाही.

जानेवारीत आम्ही कामाला लागलो. बर्फ गुडघ्याएवढा होता. पहिल्या टाकीला सिग्नेने फक्त फांद्या उतरवल्या, त्याही अर्ध्या रेसवर. नवी चेन पंधरा-वीस मिनिटांत सैल पडून, ती ज्या पोलादी पट्टीवरून फिरते तिच्याखाली लोंबायला लागे. मग ती करवत बंद करायची, चेन थंड होऊ द्यायची, हातमोज्याने ओढून बघायची आणि पुन्हा ताणून घ्यायची. घाई करायची नाही. मी तोवर ट्रॅक्टरवर बसून थर्मासमधली कॉफी प्यायचो. टाकी संपली की ती खडूने गोठ्याच्या दारावर एक रेघ ओढायची.

दुसऱ्या टाकीला तिने मध्येच कानावरचं झाकण वर केलं आणि रिकाम्या करवतीला एकदा पूर्ण रेस दिली. मी ओरडलो, "कान झाक! आणि रेस कमी कर!"

तिने करवत बंद केली. "इवार, ही रिकामी असताना गुळण्या करत गाते. लाकडात शिरली की घसा मोकळा होतो. हे असंच असायला हवं का?"

"असंच," मी म्हटलं. "गुळण्या म्हणजे पेट्रोल थोडं जास्त येतंय. पेट्रोलबरोबर तेल येतं, तेलाने पिस्टन वाचतो. रिकामी असताना जिचा घसा मोकळा, ती लाकडात जळते. आम्हाला सगळ्यांना हे आल्गोतनेच शिकवलंय."

"छान सांगितलंय त्याने," ती म्हणाली आणि झाकण खाली केलं.

आल्गोत चौऱ्याहत्तरचा. विसाव्या वर्षी जंगलात गेला, तेव्हा कानावर घालायला कुणी काही देत नसे. थंडीत त्याची बोटं टोकापासून पांढरी पडतात. करवतीच्या थरथरीचं ते देणं आहे. गावातली प्रत्येक करवत तो आपल्या शेडमध्ये शनिवारी जुळवून देतो. त्याबद्दल घेत काही नाही. कुणी वेलदोड्याचे पाव नेले तर खातो. शहरातल्या दुकानात इंजिनाचे फेरे मोजणारा एक डबा असतो. आल्गोत म्हणतो, त्या डब्याला लाकूड कधी भेटलेलं नाही.

त्या हिवाळ्यात गावातल्या तीन करवती जळाल्या होत्या. तिन्ही आल्गोतच्या हाताखालून गेलेल्या. पण गावात त्याच्या हाताखालून न गेलेली करवतच नव्हती, त्यामुळे त्यात कुणाला काही दिसलं नाही. लोकांनी पेट्रोलला नावं ठेवली. आल्गोत म्हणाला, हल्ली करवती कागदाच्या करतात. त्यातली एक टोरग्नीची. त्याने तर शहरात जाऊन दुकानदाराला इतकं फैलावर घेतलं, की त्याने वैतागून दुसरी करवत बदलून दिली.

पाचवी रेघ ओढल्यावरच्या शनिवारी मी सिग्नेला गाडीतून आल्गोतकडे नेलं. माझीही करवत बरोबर घेतली. मागच्या वर्षीची होती, तरी म्हटलं, जातोच आहोत तर तीही बघून घेऊ. निघण्याआधी सिग्नेने तिच्या करवतीच्या कार्बोरेटरच्या स्क्रूंच्या खाचेत आणि शेजारच्या धातूवर समोरासमोर लाल नेलपॉलिशचे ठिपके लावले.

"नटवतेयस की काय तिला?" मी विचारलं.

"सवय आहे. ऑर्गनच्या कुठल्याही भागाला हात लावण्याआधी तो कुठे होता याची खूण करायची."

आल्गोतची बायको मायवोर दारातच भेटली. "शेडमध्ये आहे. मोठ्याने बोला," एवढंच म्हणाली.

आल्गोतने करवत उलटीपालटी करून पाहिली. सिग्नेने विचारलं, "पाव आधी घेतोस की नंतर?"

"हो, नवीच दिसतेय," आल्गोत म्हणाला.

सिग्नेने माझ्याकडे पाहिलं. मी पावांची पिशवी बाकावर ठेवली.

तीन जाड चकत्या कापून त्याने करवत गरम केली. स्क्रू ठरावीक मर्यादेबाहेर फिरू नयेत म्हणून कंपनी त्यांच्यावर प्लास्टिकच्या टोप्या बसवते. त्या आल्गोतने नेहमीप्रमाणे पक्कडीने उपटून फेकल्या. मग रेस सोडल्यावरच्या चालीचा, म्हणजे स्लोचा स्क्रू, आणि मग पूर्ण रेसचा मोठा. एका हाताने रेस धरून ठेवायची, दुसऱ्या हातात पेचकस, मान जरा कलती, डोळे मिटलेले. तो माणूस त्या वेळी बघण्यासारखा असतो. करवत आधी गुळण्या करत होती. त्याने स्क्रू थोडा आत फिरवला, पेट्रोल घटलं, गुळण्या कमी झाल्या. अजून आत, गुळण्या थांबल्या. मला वाटलं, आता तो मागे आणेल. त्याने अजून आत फिरवला. आवाज बारीक, सरळ आणि कडक झाला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं तेव्हा त्याने रेस सोडली.

"आल्गोत, स्वर फार चढलाय," सिग्ने म्हणाली.

"काय?"

"चढलाय! मगाशी पांढरी सहाच्या खाली होती. आता जवळजवळ पांढरी सात आहे!"

आल्गोत हसला. "तू तुझी पेटी सांभाळ, बाई. हिला मी सांभाळतो." मग माझी करवत घेतली. तिलाही त्याने तसंच केलं.

परत येताना गाडीत सिग्नेने मागे ठेवलेल्या करवतींकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "तुझीही जरा जास्तच चढलेली नाही का वाटली?"

"आल्गोतने जुळवलीय," मी म्हटलं.

त्यावर ती खिडकीबाहेर बघू लागली. मी पण विषय वाढवला नाही. आवाज मीही ऐकला होता. पण चोपन्न वर्षं एकच काम करणाऱ्या माणसापुढे आपण आपल्या कानावर भरवसा ठेवत नाही. आपलंच काहीतरी चुकत असेल असं वाटतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही जोरात काम केलं. सिग्नेची करवत छान चालली. वादळात पडलेलं झाड नुसतं आडवं नसतं, ते कुठेतरी वाकून ताणलेलं असतं. कुठून कापायचं ते आधी फेरी मारून ठरवावं लागतं. सिग्ने फेरी मारायची, दोनदा मारायची, मग कापायची. एकदाही तिची पट्टी खोडात अडकली नाही.

बुधवारी किराणा दुकानात आल्गोत भेटला. टोरग्नी तिथे होता, आणखी दोघं-तिघं होते. आल्गोत मोठ्या आवाजात म्हणाला, "सिग्नेची बघा! कोरी करवत, मी जुळवली, घड्याळासारखी चालतेय. करवत चांगली असली की चालते. तुम्ही लोक कचरा आणता आणि मग रडत येता." सिग्ने हेरिंग माशांची बरणी हातात धरून उभी होती. तिने ती टोपलीत ठेवली आणि पैसे द्यायला गेली.

माझी करवत त्या दुकानातल्या गप्पांनंतर दुसऱ्याच दिवशी गेली. मी एका जाड बुंध्यात अर्ध्यावर होतो. आवाज एकदम वर गेला, एक कर्कश ओरखडा ऐकू आला, आणि सगळं थांबलं. स्टार्टरची दोरी ओढली तर जागची हलेना. गार झाल्यावर सायलेन्सर काढून आत पाहिलं. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत करड्या उभ्या रेघा होत्या, कुणी नखांनी ओरबाडल्यासारख्या.

सिग्ने माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. ती म्हणाली, "इकडे ये. तुला काहीतरी दाखवायचंय."

तिने तिच्या करवतीचं झाकण काढलं. स्लोच्या स्क्रूचे लाल ठिपके पुन्हा समोरासमोर होते. मोठा स्क्रू तर किंचित बाहेरच्या बाजूला होता.

"हे आल्गोतने ठेवलं तिथे नाही," मी म्हटलं.

"नाही. शनिवारी घरी आल्याबरोबर मी ते मागे आणलं."

मला समजायला थोडा वेळ लागला. "आणि मला सांगितलं नाहीस."

"गाडीत सांगितलं."

"ते सांगणं होतं? विचारल्यासारखं केलंस आणि गप्प बसलीस!"

"हो," ती म्हणाली. "त्याला न सांगता तुला सांगितलं असतं तर ती चहाडी झाली असती, असं मला वाटलं. आणि त्याला सांगायचा धीर नव्हता. काल दुकानात तर बोलायलाच हवं होतं. ही तुझी करवत माझ्यामुळे गेली."

"आल्गोतमुळे गेली."

"दोघांमुळे गेली, इवार. मला माहीत होतं."

मी बर्फात बसलो. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते नीट ठरत नव्हतं. आवाज मीही ऐकला होता, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. थोड्या वेळाने मी म्हटलं, "त्याला चर्चमध्ये बोलाव. ऑर्गनचे पाइप जुळवायला मदत हवी म्हण. वरचे स्वर वाजव आणि विचार, ऐकू येतंय का. मग त्याचं त्यालाच कळेल."

"तो शाळेतला पोरगा नाही परीक्षा घ्यायला," सिग्ने म्हणाली. "सांगायचं तर तोंडावर सांगायचं. चल."

"आत्ता?"

"आत्ता. उद्यापर्यंत माझा धीर पुन्हा जाईल."

गुरुवार होता. मायवोरच्या चुलीवर पिवळ्या मटारचं सूप होतं. आल्गोत टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होता. सिग्ने कोट न काढताच त्याच्या समोर बसली.

"आल्गोत, माझ्या तोंडाकडे बघ. इवारची करवत जळाली."

"पेट्रोल," आल्गोत म्हणाला.

"पेट्रोल नाही. तू स्क्रू फार आत फिरवलास. माझ्याही करवतीला तसंच केलंस. मी घरी जाऊन तो मागे आणला, म्हणून माझी चालतेय. काल तू दुकानात जिची फुशारकी मारत होतास ती तू जुळवलेली नाही. मी जुळवलीय."

आल्गोतने वर्तमानपत्राची घडी घातली. "चोपन्न वर्षं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"चोपन्न वर्षं मी हे करतोय, आणि पाइप फुंकणारी बाई मला येऊन शिकवणार?"

"तुला वरचं ऐकू येत नाही. खालचं येतं, वरचं नाही. म्हणून करवत तुला सारखी दबलेली वाटते, आणि ती मोकळी होईपर्यंत तू फिरवत राहतोस. तुला मोकळी ऐकू येते तोवर ती जळायला लागलेली असते."

आल्गोतने माझ्याकडे पाहिलं. "तुलाही असंच वाटतं?"

"पिस्टन गाडीत आहे," मी म्हटलं. "आणू?"

"नको."

 मायवोर पळी हातात धरून चुलीशी उभी होती. तिने पाठमोरीच बोलायला सुरुवात केली, मग लक्षात येऊन ती आल्गोतच्या समोर आली आणि पुन्हा म्हणाली, "मागच्या वसंतात तू मला म्हणालास, पाखरं संपली, फार जंगल तोडलं त्यांनी. मी काही बोलले नाही. पाखरं होती, आल्गोत. रोज सकाळी त्या खिडकीशी होती."

आल्गोत उठला. टोपी घातली, शेडमध्ये गेला आणि दार लावून घेतलं.

"सूप खाऊन जा," मायवोर म्हणाली. "तो काही आता येत नाही."

आम्ही सूप खाल्लं. चांगलं होतं, पण लक्ष सगळं दाराकडे होतं. तो आला नाही.

त्यानंतर दोन शनिवार शेडला कुलूप होतं. लोकांनी विचारलं तर मायवोर सांगायची, त्याला सर्दी झालीय. सिग्ने माझ्याशी नेहमीसारखी बोलायची, पण कॉफी अर्धवट टाकून पुन्हा कामाला लागायची. एकदा म्हणाली, "मी त्याचं काम काढून घेतलं." मी म्हटलं, "तू काही काढलं नाहीस. कानाने काढलं." त्याने तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. मी मेव्हण्याची करवत मागून आणली होती. तिच्यावरच मी काम रेटत होतो.

तिसऱ्या आठवड्यात आल्गोत घराबाहेर पडला. पहिल्यांदा टोरग्नीकडे गेला. टोरग्नीनेच मला पुढे सांगितलं. म्हणाला, "सकाळी दहाला दारात उभा. टोपी हातात. मला वाटलं, गावात कुणीतरी गेलं. तर म्हणतो, 'तुझी करवत दुकानदाराने खराब दिली नव्हती. मी जाळली. मला ऐकू येत नाही.' मी म्हटलं, आत ये. तर म्हणतो, 'नाही, मला अजून तीन घरं आहेत.'"

टोरग्नीकडून निघून तो बसने शहरात गेला. तिथे त्या दुकानदारालाही त्याने हेच सांगितलं. दुकानदार काय म्हणाला, हे आल्गोतने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या घरी त्याला कॉफी मिळाली आणि चेष्टाही झाली. तिसऱ्या घरी आत बोलावलं नाही. त्या माणसाची करवत गेली तेव्हा त्याचा अर्धा हंगाम बुडाला होता, आणि दारातच तो आल्गोतला बरंच काही बोलला. आल्गोतने सगळं ऐकून घेतलं. किती ऐकू आलं ते देव जाणे, पण तो शेवटपर्यंत उभा राहिला.

चौथं घर माझं. तेच शब्द त्याने मला सांगितले, मला आधीच ठाऊक असताना. मग म्हणाला, "कुठाय ती? दे इकडे."

शहरातून येताना त्याने नवा सिलिंडर आणि पिस्टन आणला होता. माझ्या गोठ्यात दोन दिवस बसून त्याने करवत पूर्ण खोलली. बोटं पांढरी पडली की तो ती काखेत धरून बसायचा, रंग परत आला की पुन्हा कामाला लागायचा. मला त्याने कशाला हात लावू दिला नाही, फक्त दिवा धरायला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी करवत सुरू झाली. त्याने मोठा स्क्रू भरपूर बाहेर काढून ठेवला. करवत चांगलीच गुळण्या करत होती, धूरही निघत होता.

"आता ही नवी झाली," तो म्हणाला. "पहिल्या पाच टाक्या पळवायची नाही."

"आणि मग?"

त्याने हत्यारं गोळा केली आणि गेला.

मार्चच्या मध्यावर बर्फाचा वरचा थर कडक झाला होता, त्यावरून माणूस चालत जाऊ शकतो असा. सिग्ने आणि मी ओढ्याच्या बाजूला काम करत होतो. अकराच्या सुमारास झाडांतून आल्गोत येताना दिसला. खिशात पेचकस होता.

"पाच झाल्या?" त्याने मला विचारलं.

"काल झाल्या."

त्याने माझी करवत घेतली, एका खोडाच्या तीन चकत्या कापल्या, आणि करवत बुंध्यावर ठेवली. मग सिग्नेकडे बघून ओरडला, "ए पेटीवाली! इकडे ये. कानावरचं काढ."

सिग्ने आली. करवतीपासून दोन पावलांवर उभी राहिली.

"मी फिरवतो. तू हात वर-खाली करून दाखव. तोंडाने बोलू नकोस, उपयोग नाही."

त्याने पूर्ण रेस दिली आणि स्क्रू हळूहळू आत न्यायला लागला. सिग्नेचा हात छातीपाशी होता, तो सावकाश वर गेला. मग तिने तळवा उघडून आडवा धरला. आल्गोतचं मनगट थांबलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. करवत त्याला अजून दबलेलीच ऐकू येत होती, हे स्पष्ट दिसत होतं. पेचकस आणखी आत नेण्यासाठी हात शिवशिवत होता. त्याने तो नेला नाही.

रेस सोडून त्याने विचारलं, "झालं?"

"झालं. पांढरी सहा. किंचित गुळणी आहे."

आल्गोतने मान हलवली आणि स्क्रू केसभर बाहेर घेतला.

"आता खाली गेला," सिग्ने म्हणाली.

"जाऊ दे. आत्ता किती आहे? शून्याच्या वर दोन. उद्या सकाळी उणे बारा असणार. थंड हवा दाट असते, इंजिनात जास्त शिरते. तुझा स्वर आपोआप वर चढेल. आज बरोबर लावलेली करवत उद्या सकाळी नऊला चुकीची असते."

सिग्नेने यावर विचार केला. "ऑर्गनचं उलट असतं. गरम झालं की स्वर चढतो."

"मग तुझा ऑर्गन उलटा आहे," आल्गोत म्हणाला.

त्या महिन्यात सिग्ने पहिल्यांदा हसली. तिने आपली करवत पुढे केली. "हीपण बघ."

आल्गोतने स्पार्क प्लग काढून पाहिला. दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा होता, म्हणजे पेट्रोल अगदी बरोबर. त्याने नाक मुरडलं, कारण खोट काढायला जागा नव्हती. मग करवत सुरू करून स्लोवर खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"चेन सरकतेय," तो म्हणाला.

खरंच, रेस सोडलेली असतानाही चेन पट्टीवरून हळूहळू सरकत होती. अशी करवत हातात धरून झाडांतून चालणं म्हणजे पाय गमवायची तयारी.

"किती दिवस अशी आहे?"

"मला... माहीत नाही," सिग्ने म्हणाली. "मी ऐकत होते."

"डोळेही दिलेत ना देवाने? ऐकत होती म्हणे!" त्याने स्लोचा स्क्रू मागे घेतला. चेन थांबली. तो बराच वेळ पुटपुटत होता. मला वाटतं, त्याला बरं वाटत होतं.

एप्रिलमध्ये मायवोरने त्याला शहरात नेऊन कानाची यंत्रं बसवून आणली. ती त्याला आवडत नाहीत. वर्तमानपत्र उलटलं तरी त्याला पत्रा फाडल्यासारखं ऐकू येतं, आणि करवत सुरू करायची वेळ आली की तो ती काढून खिशात टाकतो. मे महिन्याच्या आत आम्ही सिग्नेचं बहुतेक लाकूड रस्त्यापर्यंत आणलं. ओढ्यापलीकडची चाळीसेक झाडं राहिली ती राहिलीच. भुंगेऱ्यांनी ती घेतली आणि शेजारची काही उभी झाडंही घेतली.

शेडचं कुलूप आता शनिवारी निघतं. सिग्ने दहाला येते, कारण त्याआधी तिचा गायकवृंदाचा सराव असतो. मध्यंतरी टोरग्नी साडेनऊलाच त्याची ती बदलून मिळालेली करवत घेऊन आला. आल्गोत बाकावर बसून दुसऱ्या कुणाची तरी चेन घासत होता.

"जुळवतोस का?" टोरग्नीने विचारलं. मग जवळ जाऊन पुन्हा मोठ्याने विचारलं.

"ठेव तिथे," आल्गोत म्हणाला. "ती येऊ दे."